तीन पेंटर, तीन भाव: आतल्या रंगकामाचा खर्च ताडायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट, कार्पेट ५८० चौरस फूट, छताची उंची १० फूट. हॉल ११ बाय १६, बेडरूम १० बाय १२ आणि १० बाय ११, स्वयंपाकघर ८ बाय १०. शेवटचा रंग सात वर्षांपूर्वी. बाथरूमलगतच्या भिंतीला खालून पोपडे सुटलेत. दिवाळीआधी काम उरकायचं आहे. तीन पेंटर पाहून गेले. पहिल्याने सगळं धरून उक्ते २६,००० सांगितले. दुसऱ्याने मालासकट फुटाला १४ रुपये, माप २,६५० फूट, म्हणजे ३७,१००. तिसरा म्हणाला माल तुमचा, मजुरी फुटाला ११ रुपये, माप २,२०० फूट, म्हणजे नुसत्या मजुरीचे २४,२००. यात खरा कोण आणि लुटतोय कोण?

मी या धंद्यात वडिलांच्या मागे चुन्याच्या पिंपात नीळ कालवत शिरलो, त्याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. आज स्वतः गुत्त्याने कामं घेतो. म्हणून आधीच सांगतो, तिघांपैकी एकही लुटतोय असं मला या आकड्यांवरून दिसत नाही. तिघांनी तुम्हाला तीन वेगळ्या कामांचा भाव सांगितलाय. तुम्ही मात्र ते एकाच कामाचे तीन भाव समजून बसलात.

आधी माप. कारण भाव हा शेवटी दर गुणिले माप, आणि गिऱ्हाईक घासाघीस करतं ती फक्त दरावर. टेप तुमच्याकडेही असतेच. १० बाय १२ ची खोली घ्या. चार भिंतींची लांबी ४४ फूट, उंची १०, झाले ४४०. वर छत १२०. एकूण ५६०. अशाच रीतीने हॉल ७१६, दुसरी बेडरूम ५३०, स्वयंपाकघर ४४०. पॅसेज आणि बाथरूमच्या टाइल्सच्या वरचा भाग मिळून १५० धरा. काहीही वजा न करता सगळी बेरीज २,४०० च्या आतच राहते. ओट्यामागच्या टाइल्स आणि दारं-खिडक्यांचा हिशेब केला की २,२०० च्या आसपास येता. म्हणजे तिसऱ्याने टेप लावलेली आहे. दुसऱ्याने कार्पेटला अंदाजाने साडेचारने गुणलेलं दिसतं.

असे आडाखे आमच्यात खूप चालतात. कार्पेटच्या साडेतीन पट हा सगळ्यात लाडका. पण तो आडाखा मोठ्या खोल्यांचा. खोली लहान झाली की फरशी पटकन घटते, भिंत तितकी घटत नाही. वरच्या १२० फुटांच्या खोलीत ५६० फूट रंग लागतो, म्हणजे साडेचार पटींच्याही पुढे. तुमच्या घराचा हिशेब पावणेचार पटींवर बसतो. दुसऱ्याचा घरापुरता फुगलेला आणि साडेतीनचा घरापुरता तोकडा, म्हणून आडाखा कोणाचाच मानू नका. खोलीखोलीचं माप कागदावर घ्या, पेंटरसमोर घ्या.

दारं-खिडक्या वजा करण्यावरून भांडणं होतात, म्हणून त्याचंही सांगतो. मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १२०० च्या तेराव्या भागात, अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं भोक वजा करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा करतात, कारण चौकटीलगतच्या कडा रंगवायच्याच असतात आणि त्यांचं वेगळं माप कोणी धरत नाही. नेहमीचं ३ बाय ७ चं दार याच गटात येतं. तेव्हा पेंटरने दार पूर्ण वजा केलं नाही म्हणून त्याला लगेच लबाड म्हणू नका. कडा ओढायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो. भिंतभर कपाटाच्या मागची भिंत मात्र सरळ वजा करायला लावा. ती कोणी रंगवत नाही आणि कोणी बघतही नाही.

आता दर. इथेच खरी गोम आहे.

रंगाच्या कामात रंग हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग. पैसा जातो तो रंगाच्या आधी: खरवडणं, भेगा भरणं, पुट्टी (भिंत सपाट करणारा लेप, जुने लोक लांबी म्हणतात), घासणी, प्रायमर (रंगाला पकड देणारा आधीचा हात). माझ्या माणसांचा हिशेब सांगतो. चांगला कारागीर दिवसाला पुट्टीचा एक हात साधारण २५० फूट ओढतो. तुमच्या २,२०० फुटांना पुट्टीचे दोन हात म्हणजे ४,४०० फूट, म्हणजे १८ हजेऱ्या (एका माणसाचा एक दिवस ती एक हजेरी). सुरुवातीचं खरवडणं आणि झाकणं २, घासणी ३, प्रायमर २, रंगाचे दोन हात ९. झाल्या ३४ हजेऱ्या. कारागीर आणि हाताखालचा पोरगा मिळून सरासरी हजेरी ७५० धरली तर मजुरीच २५,५०० झाली.

पुट्टी सगळीकडे न ओढता नुसती पोपडे-भेगांपुरती ठिगळं मारली, तर हाच हिशेब बदलतो. खरवडणं-झाकणं ३, ठिगळं ४, घासणी २, प्रायमर २, रंग ९. वीस हजेऱ्या, १५,००० रुपये. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही ‘दोन हात रंग’च.

माल बघू. सफेद सिमेंटची पुट्टी बऱ्या प्लास्टरवर दोन हातांना किलोमागे १२ फुटांच्या आसपास जाते. म्हणजे २,२०० फुटांना ४० किलोची पाच पोती. पाण्यातला प्रायमर लिटरला १०० फूट धरा, २२ लिटर. मधल्या प्रतीचं इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) दोन हातांना लिटरला १२० फूट, म्हणजे १८-१९ लिटर, एक मोठी बादली. पोत्याला हजार, प्रायमरला तीन हजार, इमल्शनला पाच हजार, वर रोलर, घासपेपर, चिकटपट्टी, प्लास्टिक यांना हजार. सगळं मिळून १४,००० होतात. हे माझ्या हिशेबाचे गोल आकडे आहेत, तुम्ही दुकानात आजचा भाव विचारून बसवा. वरच्या प्रतीचं धुता येणारं इमल्शन घेतलं तर बादलीच दुपटीवर जाते आणि माल १९,००० ला पोचतो. ठिगळकामाला पुट्टीचं एकच पोतं पुरतं, तेव्हा माल १०,०००.

आता तुमचे तीन भाव परत लावून बघा. पहिल्याचे २६,०००. पूर्ण पुट्टीचं काम या पैशात बसूच शकत नाही, नुसती मजुरीच तेवढी होते. पण ठिगळकामाचे १५ आणि मालाचे १० मिळून २५,००० होतात, म्हणजे त्याचा भाव चोख आहे. बहुधा तो स्वतः रोलर धरणारा माणूस आहे, हजार-दोन हजारांवर खूश. तिसऱ्याचे २४,२०० आणि तुमचा माल १४,०००, झाले ३८,२००. हा पूर्ण पुट्टीचा भाव. आणि दुसरा, ज्याचा दर १४ आणि माप फुगवलेलं? ३७,१०० ला खऱ्या २,२०० फुटांनी भागा, दर जवळजवळ १७ पडतो. म्हणजे तोही पूर्ण पुट्टीच्याच भावात आहे, तिसऱ्यापेक्षा हजार रुपयांनी खालीच. त्याने दर कमी दाखवला आणि माप वाढवलं इतकंच. गिऱ्हाईक दर विचारतं, माप विचारत नाही, हे त्याला ठाऊक आहे. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी खोड, आणि खरं सांगायचं तर ती गिऱ्हाइकानेच लावलेली.

पण मालासकट काम देताना एक धोका वेगळा असतो. हजार-दोन हजार वाचवायची जागा पेंटरला मालातच सापडते. प्रायमर गाळायचा. पुट्टीचा दुसरा हात ‘मारला की ओ’ म्हणायचं. इमल्शनमध्ये डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालून एक बादली दीड बादलीसारखी चालवायची. जास्त पाण्याचा रंग ओला असताना झकास दिसतो. वाळल्यावर ओलसर बोट फिरवा, बोटाला पांढरं लागलं तर समजा. उपाय सोपा आहे: डबे सीलबंद यावेत, तुमच्यासमोर फुटावेत आणि रिकामे डबे-पोती काम संपेपर्यंत घरातच राहावीत. शेवटी मोजा. पाच पोत्यांच्या जागी तीनच रिकामी निघाली, तर पुट्टीचा दुसरा हात कुठे गेला ते विचारायला कारण मिळतं.

माल तुम्ही आणलात तरी सगळं निर्धास्त होतं असं नाही. बऱ्याच कंपन्या डब्यात पेंटरसाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड ठेवतात, त्याचे पैसे पेंटरला मिळतात. दुकानदारही ओळखीच्या पेंटरला काहीतरी सोडतो. ‘हीच कंपनी घ्या, दुसरीची गॅरंटी नाही’ असं कोणी फारच ठासून सांगत असेल तर हे लक्षात ठेवा. मी स्वतः ती टोकनं घेतली आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त टोकन मिळतं म्हणून गिऱ्हाइकाला नको ती बादली गळ्यात मारू नये. आणि एमआरपीवर दुकानात कमी-जास्त होतंच. दोन दुकानं फिरा, पक्कं बिल घ्या, त्यात १८ टक्के जीएसटी आलाच.

मग तुम्हाला पूर्ण पुट्टी हवी की ठिगळं? हे पेंटरने नाही, भिंतीने ठरवायचं. रात्री ट्यूब बंद करा आणि मोबाइलची बॅटरी (टॉर्च) भिंतीला चिकटवून आडवी धरा. उंचवटे, पट्टीचे ओरखडे, जुने भरलेले खिळे सगळे सावल्या टाकून उभे राहतात. त्या सावल्या तुम्हाला चालत असतील तर ठिगळकाम पुरे. नंतर ओला हात भिंतीवरून फिरवा. हाताला पीठ लागलं तर खालचा थर मेलाय, तो काढल्याशिवाय वर काहीही लावलं तरी टिकणार नाही. सात वर्षांपूर्वी चांगलं इमल्शन दिलेलं असेल आणि थर घट्ट असेल, तर मी तरी बेडरूमला पूर्ण पुट्टी सांगणार नाही. हॉलच्या टीव्हीच्या भिंतीला सांगेन, तिथे दिव्याचा उजेड आडवा पडतो. पैसे सगळीकडे सारखे खर्च करायलाच हवेत असं कुठे लिहिलंय?

पेठांतल्या जुन्या घरांचं गणित वेगळं, तेही प्रश्नाच्या ओघात सांगून टाकतो. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटची पुट्टी ओढली की ती काही वर्षांत पापडासारखी सुटते, आणि सुटताना गिलावा घेऊन येते. कमरेएवढा ऑइल पेंटचा पट्टा असेल तर तो घासून खरखरीत केल्याशिवाय पुट्टी धरत नाही. त्या घासणीची मजुरी वेगळी पडणारच. तो पट्टा फार जुना असेल तर कोरडी घासणी करू देऊ नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं बरंच असू शकतं. पाणी मारून घासा आणि लहान पोरांना त्या दिवसांत मामाच्या गावाला धाडा. शहराच्या पूर्व भागात घरातच यंत्रमाग असतात, तिथे मी माग बंद असेल त्याच दिवशी रंगाचा शेवटचा हात मारतो. नाहीतर कापसाची पिंजर ओल्या भिंतीवर अशी बसते की भिंतीला मिशा फुटल्यासारखं दिसतं.

तुमच्या बाथरूमलगतच्या भिंतीकडे येतो, कारण तिन्ही भावांत तिचा उल्लेख नाही आणि नंतर भांडण तिच्यावरूनच होणार. खालून पोपडे आणि पांढरी पूड म्हणजे लोणा. आत पाणी मुरतंय, ते भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं आणि वाळताना रंगाला ढकलून देतं. तिथे कितीही भारी रंग लावा, तो सुटणारच. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षांत एका बंगल्यात अशाच भिंतीवर मी ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला डबा मारून दिला, मालकाने पाठ थोपटली, आणि पुढच्या संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, चार लोकांदेखत त्याच मालकाने मला धरून भिंत बघायला नेलं. सगळी भिंत मी स्वतःच्या खर्चाने परत केली. तेव्हापासून आधी प्लंबर, मग टाइल्सचे सांधे, मग भिंत सुकायला वेळ, आणि सगळ्यात शेवटी मी.

सुकण्याचा विषय निघाला म्हणून दिवाळीचं. आपल्याकडे पाऊस कमी, पण जो पडतो त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. पुण्या-मुंबईकडे पाऊस सरत येतो तेव्हा आपल्या भिंती भिजत असतात, आणि लगेच दसरा-दिवाळीची घाई सुरू होते. म्हणजे बाहेरच्या भिंती सगळ्यात ओल्या, पेंटर सगळ्यात महाग आणि कारागीर सगळ्यात नवशिके, हे तिन्ही योग एकाच महिन्यात जुळतात. त्या दिवसांत चांगला गुत्तेदारसुद्धा चार घरांत माणसं वाटून टाकतो. काल कोपऱ्यावर उभा होता तो पोरगा आज तुमच्या हॉलची पुट्टी ओढतो. तुमची घाई पाहुण्यांसाठी असेल तर फक्त हॉल करून घ्या आणि बाकीचं घर जानेवारी-फेब्रुवारीत काढा. भिंती कोरड्या, हवा बरी, पेंटर मोकळे, आणि भाव न मागता थोडा उतरतो. मे महिना मात्र टाळा. बेचाळीस अंशांत भिंत पुट्टीतलं पाणी क्षणात पिते आणि पुट्टीचा भुगा होतो. रंगाला रोलरचे सांधे दिसतात. करायचंच असेल तर पुट्टीआधी भिंत भिजवून, सकाळी लवकर आणि पंखा बंद ठेवून.

पाणी कोणाचं हेही ठरवा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पुट्टी कालवायला पेंटर सरळ बोअर चालू करतो, आणि बोअरचं पाणी खारट असेल तर तेच क्षार तुम्ही स्वतःच्या हाताने भिंतीत भरता. पुट्टीसाठी पिण्याच्या पाण्याचं एक पिंप बाजूला काढून द्या.

लहानसहान गोष्टी, ज्यांवरून शेवटच्या दिवशी आवाज चढतात: दारं आणि खिडक्यांच्या जाळ्यांचा ऑइल पेंट भावात आहे का? पहिल्याचं ‘सगळं धरून’ म्हणजे काय सगळं? एखादी भिंत गडद लाल किंवा पिवळी हवी असेल तर तिला दोन हातांत झाकण येत नाही, तिसरा हात लागतो, आणि गडद रंगाचा डबाही महाग. सामान कोण हलवणार? फरशी कशाने झाकणार? सोलापुरात जुन्या चादरींना तोटा नाही आणि प्रत्येक घर त्याच पुढे करतं, पण चादर रंग पिते आणि खाली फरशीवर उतरवते. आधी प्लास्टिक, त्यावर चादर.

पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या, वारावर नाही. उचल पंचवीस टक्क्यांच्या पुढे नको. पुट्टी आणि घासणी झाली की ती बॅटरी पुन्हा भिंतीला लावून बघा, आणि तिथेच दुसरा हप्ता. चूक प्रायमरच्या आधी सापडली तर तासाभराचं काम, रंगानंतर सापडली तर दोन दिवसांचं. शेवटचे दहा टक्के हातात ठेवा. बोर्डांच्या कडा, पंख्याच्या हुकाभोवतीचं छत आणि दारामागची भिंत बघितल्याशिवाय ते सोडू नका. आमची माणसं घाईत असली की याच तीन जागा राहतात.

तुमच्या जागी मी असतो तर उद्या तिघांनाही एकच कागद दिला असता. माप २,२००. हॉलला पुट्टीचे दोन हात, बाकी खोल्यांना ठिगळं. प्रायमर एक हात, अमुक प्रतीचं इमल्शन दोन हात. छत साध्या पांढऱ्या रंगात. दारं-जाळ्या वेगळ्या लिहून. बाथरूमची भिंत या कामात नाही. आता भाव सांगा. माझ्या हिशेबाने हा आकडा ३० हजारांच्या आजूबाजूला यावा. पहिला पेंटर २६ वरून थोडा वर येईल, दुसरा माप ऐकून थोडा वरमेल, तिसऱ्याला मजुरीचा दर खोल्यांप्रमाणे वेगळा करावा लागेल. आणि जो कागद वाचून बाथरूमची भिंत या कामात का नाही असं स्वतःहून विचारेल, त्याने हजार रुपये जास्त सांगितले तरी काम त्याला द्या.